आपलीच निघाली म्हणून

काळेवाडी,
५ ऑक्टोबर २०२५

चि. आमूस,
कुसुममावशीचा पोटभर आशीर्वाद.

कशी आहेस बाई? पित्त थांबलं का? उपाशीपोटी ती काळी कॉफी ढोसायचं काही तू सोडलं नसशील. सिद्धेशरावांची कंबर आता कशी आहे? मागच्या हिवाळ्यात बर्फावर घसरले तेव्हापासून मला त्यांची काळजीच लागून राहिली आहे. बुद्धरत्नचा खोकला गेला का? हळद-दूध पीत नसेल तर गुळाच्या खड्यावर सुंठ लावून चघळायला दे. आणि तुमच्या खालच्या मजल्यावरची ती आजी, जिचं नाव मला सात जन्मांत घेता येणार नाही, तिचं मोतीबिंदूचं झालं का?

तुझ्या आईला दिघीला जाऊन भेटून आले. शेजार सुटला तरी मैत्रीण सुटत नाही. भिमाचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. ज्ञानदेव तिला डॉक्टरकडे ने-आण करतो. त्याची तू काळजी करू नकोस, पोरगा आईच्या बाबतीत तुझ्यापेक्षा कडक आहे.

आमच्याकडे नवनाथची साखर वाढली आहे. चहात साखर नको म्हणतो आणि बिस्किटं चार खातो. माझे डबे चालू आहेत. चाकणला कामाला जाणारी नऊ-दहा पोरं माझ्या पोळ्यांवर जगतात, तोवर मी काही वर जात नाही. नवनाथची निशी परवा गाडीवरून पडली. कानाला टाके पडलेत. बाकी ठीक.

आता एक विचारायचं होतं. रद्दीत एक जुना पेपर हाती आला. त्यात होतं की तुमच्या ऑस्ट्रियात बाईने रस्त्यावर चेहरा झाकला तर दंड होतो. खरं का गं? तिथे तर लोकशाही आहे ना? मग बाईने तोंडाला काय गुंडाळावं ते सरकारने का बघावं? का बघितलं तेच बरोबर? मी चौथी शिकलेली, बाकी सगळं डब्याच्या कागदांवर वाचून शिकले. तू तिकडे मोटारींची इंजिनं तपासतेस, एवढं तुला सांगता येईल.

नेहमीसारखे पानांचे फोटो काढून पाठवते. अंगठा आला असेल तर तीच माझी सही समज.

तुझी
कुसुममावशी


ग्राझ,
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय कुसुममावशी,
जय भीम आणि नमस्कार.

पित्त आहे, कॉफीही आहे. सिद्धेशची कंबर बरी आहे. बुद्धरत्नने सुंठ थुंकली, गूळ खाल्ला. खालच्या आजींचा एक डोळा झाला, दुसरा नाताळानंतर. झालं तुझं समाधान?

आता माझं ऐक. तुला खोटं लिहिता येत नाही. एका पानावर लिहितेस निशी गाडीवरून पडली, आणि लगेच विचारतेस की बाईचा चेहरा कुणी झाकावा, कुणी उघडावा. मी तिला सरळ फोन लावला. तिने सगळं सांगितलं.

अष्टमीच्या संध्याकाळी ती चाकणहून पहिली पाळी करून येत होती. त्या रस्त्याची धूळ आणि ट्रकचा धूर मी खाल्ला आहे. स्कार्फ न बांधता तिथून स्कूटर चालवणारी मुलगी मी पाहिलेली नाही. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात, अंगात सनकोट. निशीचं दोन्ही काळं. गल्लीच्या कमानीत मंडळाची पोरं उभी, कारण देवीच्या मांडवात 'त्यांच्यातले' घुसतात म्हणून यंदा तपासणी लावलेली. चेहरा दाखवा, नाव सांगा, मग आत या. निशी म्हणाली, "मांडवात नाही, मी घरी चाललेय." "बुरखा काढ आधी," असं म्हणून एकाने स्कार्फ हिसकला. कानातली रिंग कापडात अडकली आणि पाळी फाटली. हिसकणारा कोण, तर धनेश. तुझ्या हातचे शेंगोळे खाऊन वाढलेला, शेजारच्या छबूबाईंचा धनेश.

आणि तिचा चेहरा दिसल्यावर काय, तर "अरे, ही तर नवनाथकाकांची निशी!" लगेच पाणी, लगेच रिक्षा, लगेच दवाखाना. दुसऱ्या दिवशी साडी.

मावशी, त्या स्कार्फखाली खरोखर बुरख्यातली एखादी मुलगी निघाली असती, तर साडी कुणी आणली असती? माझी आई असती तर? निशीने दवाखान्यातूनच चौकीत अर्ज दिला, पण घरचे जबाब द्यायला जाऊ देत नाहीत, असं ती म्हणाली. "घरचे" म्हणताना तिने तुझं नाव वगळलं नाही. हे मला लागलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, इथे बंदी आहे, आणि मी बंदीच्या बाजूची आहे. दोन वर्षांपूर्वी बाजारात एका बाईला पोलिसांनी चेहरा उघडायला लावला, तेव्हा मी ट्रॅमसाठी थांबले होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझ्या आजीला गावात पायात वहाण घालून पाटलाच्या दारावरून जाता यायचं नाही, धर्माच्या नावावरच. तिला कुणी समजूत घालून सोडवलं नाही, कायद्याने सोडवलं. धर्म बाईच्या अंगावर हक्क सांगायला लागला की त्याचा हात कायद्यानेच धरावा लागतो. इथेही तेच आहे. तिथेही तेच व्हायला पाहिजे. निशीला जबाब द्यायला घेऊन जा.

तुझी
आमू


काळेवाडी,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. आमू,
अनेक आशीर्वाद.

चांगली झोडलीस मला. झोडण्यासारखंच होतं. नवनाथने घरात सगळ्यांना बजावलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्या मुठीत बसले. आता मूठ उघडते, तूच बघ आत काय आहे ते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी छबूबाई पोराला घेऊन आली. हातात साडी, पेढे. दोघं माझ्या पाया पडले. छबूबाई रडत म्हणाली, "ताई, पोराला काय माहीत? आपलीच निघाली म्हणून तर जीव हळहळला बघा." मी पेढा उचलला, आणि तसाच परत ठेवला. तेव्हा का ते कळलं नव्हतं. तुझं पत्र वाचून कळलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे पोरांच्या खोड्यांपुरतं ऐकलं होतं मी. कानाच्या पाळीलाही लागू होतं, ते आता पाहिलं.

पण दुसरी बाजूही ऐक. छबूबाईचा नवरा कंपनीच्या गेटवर अपघातात गेला, तेव्हापासून तिने धुणीभांडी करून हे पोर वाढवलं. धनेशने पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. रोज पहाटे पळतो. गुन्हा नोंदला तर भरती गेली. आणि मंडळाचा अध्यक्ष प्रितम. तू गेलीस तेव्हा तो मोबाइलची कव्हरं विकायचा, आता चाकणच्या कंपन्यांना कामगार पुरवतो. निशीची नोकरी त्याच्याच नावावर आहे. गेटचा पास त्याचा माणूस देतो. नवनाथ म्हणतो, "आई, पाण्यात राहून माशाशी वैर करायचं?" माझा लेक वाईट नाही गं. भ्यालेला आहे. भ्यालेल्या माणसाचं बोलणं शहाण्यासारखंच ऐकू येतं.

मी अजून ठरवलेलं नाही. निशी माझ्याशी तुटक बोलते.

पण तुझं ते बंदीचं मला पटलं नाही. इथे मी तुझं ऐकणार नाही. तुझ्या आजीला वहाण घालायची होती. तिच्या मनात होतं ते करायला कायदा मदतीला आला. त्या बाजारातल्या बाईला कुणी विचारलं का, की बाई, तुला काय पाहिजे? तिला नवऱ्याने झाकलं असेल तर नवऱ्याला दंड करा की. दंड तिलाच, आणि चारचौघांत उघडंही तिलाच पडायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझ्या सासूबाई मला डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय ओट्यावर येऊ देत नसत. मी तो पदर टाकला तो माझ्या हाताने, आणि त्या चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. सरकारचा शिपाई येऊन तो ओढून गेला असता, तर मी दुसऱ्या दिवशी हट्टाने दुप्पट घेतला असता!

हात धनेशचा असो, नवऱ्याचा असो, नाहीतर तुमच्या गोऱ्या पोलिसाचा. बाईच्या तोंडावरच्या कापडाला दुसऱ्याचा हात लागला की माझं डोकं फिरतं.

उत्तर दे. भांडायला मला दुसरं कोण आहे इथे?

तुझी
कुसुममावशी


ग्राझ,
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी भांडण, मग काळजीचं.

तू म्हणालीस "तिला विचारलं का?" म्हणून मी विचारायला गेले. त्या बाजारातल्या बाईला कुठे शोधणार? पण बुद्धरत्नच्या वर्गातल्या एका मुलीची आई केसांवर स्कार्फ बांधते, चेहरा उघडा. तिच्याशी शाळेच्या फाटकात नेहमी बोलणं होतं. ती म्हणाली, पूर्वी ती आणि तिची बहीण दोघी चेहरा झाकायच्या. कायदा आला त्या आठवड्यात हिने काढला. नवऱ्याला म्हणाली, "मी काय करू, कायदाच आहे." तिला कारण हवं होतं, ते सरकारने दिलं. आता ती बस चालवायला शिकते आहे. आणि बहीण? "ती तेव्हापासून घरातच आहे," म्हणाली. "आधी निदान बाजारात यायची."

मला वाटलं होतं, या गोष्टीतून तुझं म्हणणं खोडता येईल. अर्धं खोडलं गेलं, अर्धं माझंच.

तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. कायदा आणि टोळकं यांना एका पंक्तीला बसवू नकोस. कायदा चुकला तर त्याच्याशी भांडायला जागा असते. इथे लोक कोर्टात गेले, पेपरात लिहितात, निवडणुकीत बोलतात. त्या कमानीखाली निशी कुणाकडे अपील करणार होती?

आता काळजीचं. परवा दोन पोरं दिघीला ज्ञानदेवच्या दुकानात गेली. काही केलं नाही. एक मोबाइलचा चार्जर घेतला आणि जाताना म्हणाली, "तुमची बहीण परदेशात बसून आमच्या गल्लीत काड्या घालते म्हणे. आईचं वय झालंय तुमच्या, जपा." निशी घरात भांडताना म्हणाली असेल, "आमूताई पण हेच म्हणते," आणि ते नवनाथदादांकडून मंडळात गेलं असेल. दादांना दोष देत नाही.

मावशी, मिटव. मी आठ तासांच्या विमानाच्या अंतरावर बसून शूर झाले होते. इथे माझ्या दारावर कुणी येत नाही. आई तिथे आहे, निशी तिथे आहे, तू तिथे आहेस. माझ्या पत्रामुळे तुम्हाला काही झालं तर ते मला सोसवणार नाही. कानाला टाके पडले, ते भरतील. मी आधी जे लिहिलं ते फाडून टाक.

घाबरलेली,
आमू


काळेवाडी,
२१ ऑक्टोबर २०२५

चि. आमू,

लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत दोनच ओळी. काही फाडलेलं नाही.

प्रितम येऊन गेला. तोडगा काढलाय म्हणाला. धनेशला सख्खी बहीण नाही, निशी लहानपणापासून त्याला भाऊबीजेला ओवाळते, हे प्रितमला कुणीतरी सांगितलं. तर यंदा मंडळातल्या चार जणांसमोर निशीने धनेशला ओवाळावं, त्याने ओवाळणीत सोन्याच्या रिंगा घालाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी अर्ज मागे. "घरचं भांडण घरात," म्हणाला.

निशी लगेच हो म्हणाली. नवनाथने सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र तिचं हो आवडलं नाही. फार पटकन आलं.

भाऊबीज झाली की लिहिते.

मावशी


काळेवाडी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. आमू,
कुसुममावशीचा आणि सोबत तुझ्या आईचाही आशीर्वाद. भिमा इथेच बसली आहे. माझ्या प्रत्येक ओळीवर "असं नको लिहूस, तसं लिही" चालू आहे.

तू दोन फोन केलेस ते मी घेतले नाहीत, माफ कर. फोनवर मी रडले असते आणि तुला वाटलं असतं काहीतरी वाईट झालंय. वाईट झालंय, पण वाईटच झालंय असं नाही. सुरुवातीपासून सांगते.

भाऊबीजेला आमच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. प्रितम, त्याचे दोन जण, छबूबाई, नवनाथ. मी चिवडा-लाडू ठेवले. येणारा कुठल्या कामाने येतो ते बघून मी ताट कमी करत नाही. धनेश नवा सदरा घालून पाटावर बसला. खाली मान. खरं सांगते आमू, मला त्याची दयाच आली. छबूबाईने रिंगांची डबी माझ्या हातात दिली.

निशी निरांजन लावून ताट घेऊन आली. कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. ताट उचललं आणि थांबली.

"धनेशदादा, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"त्या दिवशी स्कार्फखाली मी नसते, दुसरी कुणी असती, बुरख्यातली. तिचाही कान फाटला असता. तर तू माफी मागायला गेला असतास?"

धनेशने वर पाहिलं. पोरगा खोटं बोलायला शिकलेला नाही, हाच त्याचा गुण आणि हाच घात. सरळ म्हणाला, "मग माफी कसली? तू होतीस म्हणून तर चूक झाली ना."

प्रितमने जीभ चावली. निशीने ताट टीपॉयवर ठेवलं. निरांजन विझवलं नाही, तसंच जळत ठेवलं.

"मग तू माझी माफी मागितलीच नाहीस, दादा. तू माझ्या आडनावाची मागितलीस. माझा कान फाटला ते तुझ्या लेखी अजून चुकीचं नाहीच, फक्त माणूस चुकलं."

"अगं, शब्दात काय पकडतेस?" प्रितम हसत म्हणाला. "शिकलेल्या पोरींचं हेच असतं. आजी, तुम्ही सांगा हिला."

मी सांगितलं. मी काय बोलले ते भिमा माझ्याकडून तीनदा वदवून घेऊन बसली आहे, म्हणून तुलाही लिहिते. म्हणाले, "प्रितम, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज कमानीत उभं राहून तुम्ही बायकांची तोंडं बघता. उद्या गळ्यातलं बघाल, परवा डब्यातलं बघाल. देवीला कुणाचा चेहरा बघायचा असेल तर ती बघून घेईल, तिला डोळे आहेत. तिने तुम्हाला वॉचमन ठेवलेलं नाही."

"पोराचं आयुष्य बरबाद होईल, आजी," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "पोलीस भरती आहे त्याची."

"म्हणजे हाच पोरगा उद्या खाकी घालून नाक्यावर उभा राहणार, आणि समोरची बाई आपली का परकी हे आधी बघणार. मग आधीच विचारलेलं बरं."

छबूबाई ओरडली. काय काय बोलली ते लिहीत नाही, ती आई आहे. जाताना तुझं नाव आणि भिमाचं नाव घेऊन बोलली, तेव्हा नवनाथ इतक्या वेळात पहिल्यांदा उठला. "वहिनी, माझ्या आईसमोर आवाज खाली," एवढंच म्हणाला. मग आतल्या खोलीत गेला आणि दार लावलं. आमच्याबरोबर चौकीत तो आला नाही. पण अडवलंही नाही.

तुझं "मिटव" मी वाचलं होतं. म्हणून त्याच संध्याकाळी दिघीला गेले आणि भिमाला विचारलं, कारण नाव तिचंही घेतलं गेलंय. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत: "आमूला सांग, तिच्या बापाने मला संविधान वाचायला शिकवलं ते कपाटात ठेवायला नाही. चार्जर विकत घेऊन कुणी मला घाबरवत असेल तर ज्ञानदेवचा धंदा तरी होईल." आणि दुसऱ्या दिवशी कुरकुरता गुडघा घेऊन रिक्षातून आमच्याबरोबर चौकीत हजर. आता तू कुणाला जपायचं ते तूच ठरव.

चौकीत विजयश्री नावाच्या फौजदार बाई होत्या. आमच्या निशीएवढ्याच वाटतात, पण नजर पक्की. त्यांनी निशीला विचारलं, "अर्ज मागे घ्यायला दबाव आहे का?" निशी म्हणाली, "आहे. म्हणूनच आले." जबाब झाला, गुन्हा नोंदला. त्यात धनेशचं नाव आहे, आणि कमानीत तपासणी लावणारा म्हणून प्रितमचंही.

तिसऱ्या दिवशी निशीचा पास बंद. गेटवर सांगितलं, "तुझं नाव यादीत नाही." कुणी कारण सांगितलं नाही. ती भोसरीत दोन ठिकाणी जाऊन आली, अजून काही नाही. माझे तीन डबे सुटले. तुळशीच्या लग्नाच्या हळदीकुंकवाला गल्लीतून एकच बाई आली, तीही मागच्या दाराने. विजयश्री मॅडमनी आपणहून सांगितलं की ठरवून कुणाला वाळीत टाकलं तर त्यालाही आपल्या राज्यात कायदा आहे. मी म्हटलं, "असू दे बाई, जेवायला बोलवा म्हणून कायदा लावता येत नाही." नवनाथ अजून फारसं बोलत नाही. पण काल चहात साखर घातली नाही म्हणून माझ्यावर खेकसला. म्हणजे माणसात येतोय.

मी काही कौतुकाने फुगलेली नाही. रात्री जाग आली की छबूबाईच्या घरातला दिवा दिसतो. त्या पोराची भरती माझ्यामुळे गेली, हे मला माहीत आहे. पहाटे तो अजूनही पळायला जातो. त्याला तुरुंगात घालायची मला हौस नाही. कोर्टात कुणीतरी कायद्याच्या खुर्चीवर बसून त्याला तोच प्रश्न विचारावा, जो निशीने विचारला. आणि या वेळी त्याने उत्तर देण्याआधी विचार करावा. एवढंच मला पाहिजे.

आता तुझ्या-माझ्या भांडणाचं.

गेल्या आठवड्यात, तुळशीचं लग्न उरकून मी ओट्यावर बसले होते. एक बाई आणि तिचा नवरा आले. बाई बुरख्यात, नुसते डोळे दिसत होते. पलीकडच्या गल्लीत राहते, शिवणकाम करते, नाव नसरीन. नवरा पायरीवरच थांबला. ती म्हणाली, "आजी, वो लडके हमको भी रोके थे. दुसऱ्या माळेला. मेरा नकाब खींचा, सबके सामने. मैं रोते रोते घर गई."

मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही गं गेलीस चौकीत?"

ती हसली. डोळ्यांवरून कळलं. "आजी, आमच्याकडे माफी मागायला कोन येनार? तुमच्याकडे साडी घेऊन आले, तरी तुम्ही गेलात. मग मी घरी बसून काय करू? मलाबी जबाब द्यायचाय."

मग परत रिक्षा, परत भिमा, परत चौकी. मी मनातून घाबरले होते, की आता विजयश्री मॅडम तिला म्हणतील, चेहरा उघड, ओळख पटवायची आहे, आणि चार शिपाई बघत बसतील. मॅडम उठल्या. म्हणाल्या, "तुमची ओळख मला बघावी लागेल. आत चला, आपण दोघीच." दोघी आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं. थोड्या वेळाने बाहेर आल्या. नसरीनने आपल्या हाताने उघडलं, आपल्या हाताने झाकलं. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, सांगा आता, काय झालं?" आणि लिहून घेऊ लागल्या.

आमू, तू म्हणालीस कायदा आणि टोळकं एका पंक्तीला बसवू नको. नाही बसवत. पटलं मला. धर्माच्या नावाने बाईच्या अंगावर हात टाकणाऱ्याला कायद्यापुढे उभं करावंच लागतं, त्यात मी तुझ्याबरोबर आहे, शेवटपर्यंत. पण कायदाही दार लोटून, विचारून आत येणारा पाहिजे. तसा असेल तर तुमच्या देशातल्या त्या घरात बसलेल्या बहिणीलाही तो बाहेर आणील. ओढून आणलेली बाई रस्त्यावर दिसते, पण बाहेर आलेली नसते.

नसरीनला मी चार वेळा भेटले. काल चहा प्यायला आली होती. कप घेऊन पाठमोरी बसली आणि प्यायली. मी तिचा चेहरा अजून पाहिलेला नाही. निशीचा आणि तिचा, दोघींचा जबाब आता एकाच गुन्ह्यात आहे, आणि कोर्टात दोघी एकाच बाकावर बसणार आहेत. तिथेही ती तिला वाटेल तसं बसेल. कुणी तिच्या तोंडाला हात लावायला आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे, हे मी प्रितमला कमानीखाली उभी राहून, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून आले आहे.

भिमा म्हणते संपव आता, पोळ्या करायच्या आहेत. तू मात्र घाबरून गप्प बसू नकोस. तुझं नाव घेतलंच आहे त्यांनी, तर ते कामाला येऊ दे. तुझ्याकडून मला भांडण पाहिजे, काळजी नको. लवकर लिही, मोठं लिही, आणि सिद्धेशराव, बुद्धरत्न, खालच्या आजी, सगळ्यांचं एकेकाचं लिही.

तुझी
कुसुममावशी